खुर्चीचं वजन

लोक त्यांना मापमामा म्हणत. नाव भाचीनं ठेवलेलं, पण पुढे बाजारातल्या दुकानदारांनीही तेच उचललं. वजनमाप खात्यात तेहतीस वर्षं निरीक्षक होते. हातात पितळी वजनांची पेटी, खिशात भिंग. कुणी काटा मारत असेल तर मामा पायरी चढतानाच त्याचा चेहरा उतरायचा. निवृत्त झाल्यावरही भाजीची पिशवी हातात तोलून ते म्हणायचे, "नऊशे ऐंशी." बायको होती तोवर म्हणायची, "बरं बाई, नऊशे ऐंशी."

देवाशी त्यांचं वैर नव्हतं, नुसतं येणंजाणं नव्हतं. "जे आहे ते कुठल्या ना कुठल्या काट्यावर दिसतंच," एवढंच ते म्हणत. थोरली बहीण नेमकी उलटी. दिवसातून तीनदा प्रार्थना. पण दोघांचं त्यावरून कधी वाजलं नाही, कारण ताई वाद घालतच नसे.

भावोजींना जाऊन सहा महिने झाले असतील, तेव्हा भाचीचा फोन आला. "मामा, आईला डॉक्टरकडे न्यायचं का? ती म्हणते, बाबा रोज चारला येऊन खुर्चीत बसतात."

मामा दुसऱ्याच दिवशी गेले. ताईची खोली पहिल्या मजल्यावर, खाली लाँड्री. खिडकीशी भावोजींची वेताची खुर्ची आणि तिच्यासमोर ताई, प्रार्थनेचं पुस्तक उघडून पुटपुटत बसलेली. चार वाजून दहा मिनिटांनी वेत करकरला. कुणीतरी जपून टेकावं तसा.

"ऐकलंस?" ताई म्हणाली.

"ऊन लागलं की वेत ताणतो, ताई."

"मग मोज की."

ती सहज बोलून गेली, पण मामांच्या डोक्यात ते बसलं. त्यांनी हमालाकडून एक सपाट काटा वर चढवला, खुर्ची त्यावर ठेवली, काटा शून्यावर आणला आणि स्टुलावर बसून राहिले. चार दहाला काटा हलला. तीनशे ग्रॅम. पाऊण तास तिथेच राहिला आणि परत शून्यावर आला.

मामांनी पडदा काढून पाहिला, खिडकी लावून पाहिली, पेटीतली वजनं ठेवून काटा तपासला. बाराव्या दिवशी उत्तर सापडलं. लाँड्रीचा बॉयलर चारला सुरू व्हायचा आणि वाफेचा पाइप नेमका या फरशीखालून गेला होता. फरशी तापायची, काटा फसायचा. लाँड्री बंद होती त्या दिवशी काटा ढिम्म हलला नाही.

त्यांनी ताईला सगळं नीट समजावलं.

"म्हणजे हे येत नव्हते?"

"नाही ताई."

"तू मोजलंयस, म्हणजे बरोबरच असेल," ती म्हणाली. उठून तिनं पुस्तक कपाटात ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून चारची प्रार्थना बंद झाली. मामांना हायसं वाटलं, पण घरी जाताना जिन्यात उगीचच थांबावंसंही वाटलं. काटा न्यायला हमाल आज येतो, उद्या येतो करत राहिला, आणि काटा खुर्चीखाली तसाच राहिला.

तीन आठवड्यांनी पुन्हा फोन. या वेळी भाचीचा आवाज बारीक झाला होता. "मामा, खालचा बॉयलर बिघडलाय. आठवडाभर बंद आहे. आणि काटा हलतोय."

मामांनी आधी लाँड्रीत जाऊन बॉयलरला हात लावला. गार. पाइपही गार. मग ते वर गेले. चार दहाला काटा सरकला आणि तीनशेवर थांबलाच नाही. दोन किलो. वेत या वेळी करकरला नाही. बैठक मधोमध हळूहळू खाली दबली, अगदी आवाज न करता.

दुसऱ्या दिवशी पाच किलो. तिसऱ्या दिवशी अकरा. मामा रोज वजनं ठेवून काटा तपासत. काट्यात खोट नव्हती. आठवडा संपता संपता चौतीस.

"भावोजी किती भरायचे ग?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"बासष्ट." ताई दारातूनच खुर्चीकडे बघत होती. "पण हे ते नाहीत."

"म्हणजे?"

"चाळीस वर्षं संसार केला मी. माणूस शेजारी बसला की कळत नाही होय? तेव्हा ते होते. तू नाही म्हणालास, मी बोलवायचं थांबवलं. जागा रिकामी पडली. आता कोण येऊन बसतंय, मला ठाऊक नाही."

मामांना हसता आलं नाही. त्यांच्या डोळ्यांदेखत काटा पस्तिसावर गेला.

"बासष्ट व्हायची वाट बघणार आहेस का?" ताईनं विचारलं.

खरं सांगायचं तर क्षणभर त्यांना बघायचं होतं. पण ताईनं कपाटातून पुस्तक काढलं आणि मोठ्यानं म्हणायला सुरुवात केली. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशानं काय झालं ते कधीच कळत नाही, हे मामांइतकं कुणाला माहीत असणार? माहीत असूनही त्यांनी त्याच क्षणी वाकून दोन्ही हातांनी खुर्ची ढकलली. ती हलेना. भरल्या पिंपासारखी जड. ताईचा आवाज चढला, मामांनी खांदा लावला, आणि खुर्ची एकाएकी हलकी होऊन भिंतीवर आदळली.

काटा शून्याच्या खाली गेला होता, रिकाम्या खुर्चीच्या वजनाइतकाच.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतः उभं राहून काटा खाली उतरवला. खुर्ची मात्र ताईनं टाकू दिली नाही. तिच्यावर घडी केलेल्या चादरी रचून ठेवल्या. बॉयलर दुरुस्त झाला. चारची प्रार्थना पुन्हा सुरू झाली. भावोजी परत येतात का, हे मामांनी विचारलं नाही आणि ताईनं सांगितलं नाही.

भाचीनं मात्र त्यांना जिन्यात गाठलं. "मामा, प्रार्थनेनं गेलं, की तुम्ही ढकललं म्हणून? काय होतं ते?"

"माहीत नाही."

ते पुढे काही बोलतील म्हणून ती थांबून राहिली. मामा कठड्याला धरून खाली उतरून गेले. आईच्या बोलण्यानं कधी घाबरली नव्हती इतकी ती तेव्हा घाबरली.

हल्ली मामा रोज पावणेचारला ताईकडे जातात. प्रार्थनेतला शब्दही ओठांवर आणत नाहीत. दाराशी स्टूल घेऊन, चादरींच्या ढिगावर नजर ठेवून बसतात आणि ताईनं पुस्तक मिटल्याशिवाय उठत नाहीत.