वाळवंटातल्या जोडीचा पंचनामा

ती केस मला अजून लख्ख आठवते. आमचे हे फौजदार म्हणून निवृत्त झाले होते. मोठा भूकंप होऊन गेला होता आणि आम्ही जपानात, उरायासुला मुलाकडे राहत होतो, पाचव्या मजल्यावर.

एका सकाळी शेजारच्या इराणी काकू रडत आल्या. त्यांच्या भिंतीवरचं चित्र गेलं होतं. काकांनी ते लग्नाआधी स्वतः रंगवून त्यांना दिलेलं. एका कडेला वाळवंटात हरणांमध्ये बसलेला, झुरून काडी झालेला प्रियकर. दुसऱ्या कडेला उंटावरच्या मेण्यात ती. मध्ये फारसी कविता. त्या दोघांची भेट होतच नाही, असं काकू सांगायच्या.

"काल गॅस तपासायला माणूस आला होता. त्यानेच नेलं!"

"थांबा," हे म्हणाले. "एकदा नाव घेतलं की माणूस डागाळतो. आधी जागा बघू."

चौकट भिंतीवरच होती, आतून रिकामी. मागचे खिळे परत नीट ठोकलेले. खालच्या फळीवरचं चांदीचं भांडं जागच्या जागी. "चोर घरचा आहे," हे मला हळूच म्हणाले.

काका गुडघे चोळत बसले होते. गालिच्यांच्या धंद्यात दोघं मुंबईला राहिलेले, त्यामुळे दोघांनाही हिंदी येत होतं. "साहब, मुझे क्या मालूम?"

हे शांतपणे चहा पीत राहिले. चौकीतही यांची हीच पद्धत होती. आपण गप्प बसलो की समोरच्याची नजर मालाकडे जाते. काकांची नजर दाराकडे गेली. तिथे भूकंपात घेऊन पळायच्या दोन पिशव्या होत्या, इथे घरोघरी असतात तशा. नजर काकूंच्या पिशवीवर अडकली.

"काकूंची पिशवी बघायला लागेल." हे माझ्याकडे वळले. "बाईच्या सामानाची झडती बाईनेच घ्यायची. उघड."

मी पिशवी उघडली. पाण्याच्या बाटल्यांखाली चित्र होतं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं.

"बुढ्ढे, मुझे चोर बनाता है?" काकू कडाडल्या.

"लिफ्ट बंद पडली की माझे गुडघे जिना उतरणार नाहीत," काका म्हणाले. "तू तरी ते घेऊन निघशील."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर निघाली असतीस?"

काकूंनी चित्र पुन्हा चौकटीत बसवलं. मग आपली पिशवी उपडी करून सगळं काकांच्या पिशवीत कोंबलं. "आता एकच पिशवी. निघू तर दोघं."

घरी येताना हे म्हणाले, "नोकरीभर मी विचारत आलो, माल कोणी नेला. कोणासाठी नेला, हे विचारायचं राहूनच गेलं."

मी आमच्या पिशव्या उघडल्या. ढिगाऱ्याखाली अडकले तर वाजवायला म्हणून यांची नोकरीतली शिट्टी मीच यांच्या पिशवीत घातली होती. ती आता माझ्या पिशवीत होती, नवी दोरी बांधून.

मी तक्रार केली नाही. दोन्ही पिशव्या एका खुंटीला अडकवल्या आणि कुकर लावला.