दारात उभं राहून शिकवणारे सर

आमच्या फार्मसी कॉलेजात फळ्यापाशी उभं राहून शिकवणारे बरेच होते. दारात उभं राहून शिकवणारे एकच. त्यांना आम्ही दरवान सर म्हणायचो. तास सुरू झाला की ते दाराशी जात आणि उशिरा आलेल्याला एका शब्दात परतवत, "बाहेर." कारण सांगायची सोय नव्हती.

मी धावड्याहून यायचो. सगळं एसटीच्या मर्जीवर, त्यामुळे माझा मुक्काम बहुधा व्हरांड्यात. पण तिथंही सुटका नसे. सर चौकटीला पाठ टेकवून असे शिकवत की बाहेरच्यालाही शब्द न् शब्द ऐकू यावा, आणि मध्येच त्यालाही प्रश्न विचारत. हजेरी मात्र आतल्यांचीच लागे.

पेशीच्या पडद्यातली वाहक प्रथिनं मी अशीच बाहेरून शिकलो. "औषध पेशीत शिरलं म्हंजे काम झालं असं समजू नका," सर म्हणाले. "पडद्यात एक प्रथिन बसलेलं असतं. आत आलेलं औषध धरतं अन् ताकद खर्चून बाहेर फेकतं. एकच औषध न्हाई, नाना तऱ्हेची."

"म्हणजे आपले सरच," मागून कोणीतरी पुटपुटलं. वर्ग हसला.

"बिलकुल," सर न हसता म्हणाले. "पण त्याला शिव्या देऊ नका. अंगात विष राहू नये म्हणून ते हाये. विष कोणतं अन् औषध कोणतं, त्याला कोण सांगणार?"

निवृत्तीनंतर सरांना रक्ताचा कॅन्सर झाला. औषधांनी तो हटला आणि सर टेंभुर्णीला घरी आले. मग तो परतला, आणि तीच औषधं लागू पडेनात. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांचे धाकटे भाऊ मेडिकलवाल्यावर तापले होते. "दवा नकलीच दिया उसने!"

"दवा बराबर है, छोटे," सर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "डॉक्टरलाबी तेच वाटून राह्यलं. माझ्या पेशी औषध आत ठिवतच न्हाईत. आपलाच धडा."

"तो डबल दो ना!" भाऊ म्हणाले.

"डबल दिये तो अच्छी पेशियाँ पहले मरेंगी."

मला त्या प्रथिनाचा भयंकर राग आला, आणि मी तो बोलूनही दाखवला. सरांना तो पटला नाही. "त्याची काय चूक? ते आपली ड्यूटी करून राह्यलं," म्हणाले, आणि मला चहा घ्यायला लावला.

पुढच्या खेपेला एसटीनं पुन्हा दगा दिला. ये म्हणून सांगितलेली वेळ टळून गेली होती. खोलीत नातेवाईक बसले होते. मी जुन्या सवयीनं चौकटीशीच थांबलो. सरांनी डोळे उघडले. आवाज पार खोल गेला होता.

"आत ये, बेटा," ते म्हणाले. "आज हजेरी लावतो."

त्याच आठवड्यात सर गेले. उशिरा येऊन त्यांच्या दारातून मी आत गेलो, तो तेवढा एकदाच.