पेडल अजून कडक आहे

दीड महिना झाला. तात्यापाऱ्यातल्या हार्डवेअरवाल्याचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. "दीदी, भैया स्टूल पर बैठे-बैठे ही चले गए," तो म्हणाला. हे रबराच्या पट्ट्या आणायला गेले होते, ब्रेकची नळी विमानाच्या अंगाला घासू नये म्हणून. पट्ट्या खिशात निघाल्या.

हो, विमानाच्याच. रेल्वेतून फिटर म्हणून रिटायर झाल्यावर यांनी रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या आमच्या पोर्चमध्ये दोन माणसांचं विमान बांधायला घेतलं. ते उडेल असं मला एक दिवसही वाटलं नाही, आणि मी तसं तोंडावर सांगत आले. पंख झाले, चाकं लागली, मग काम अडलं ब्रेकच्या नळीवर. दोन उन्हाळे. अ‍ॅल्युमिनियमची नळी यांनी तेल भरून माझ्या कूलरच्या मोटरशी बांधली. कूलर थरथरतो तसं विमानही थरथरतं, म्हणे. महिनाभरात ती जोडाशी तडकली आणि तेल खसच्या जाळीवर सांडलं. ब्रेक तापतो म्हणून प्लास्टिकची इस्त्रीला टेकवून पाहिली, ती फुगली. शेवटी वरून स्टीलच्या तारांची वीण असलेली नळी आणली. ती अख्खा दुसरा उन्हाळा टिकली. मी म्हटलं, "आता तरी माहा कूलर सोडा."

नळी बसवली की तिच्यातली हवा काढावी लागते. त्याला दोन माणसं लागतात, एक पेडलवर, एक चाकाशी स्क्रू उघडून बंद करायला. मुलगा दूर, नवा रायपूर या नव्या वसाहतीत राहायचा, म्हणून मीच दुखऱ्या गुडघ्यांनी त्या सीटवर चढायची. हे खालून सांगायचे, "दाब... धर... सोड." मी घाई केली की हवा परत शिरायची. "काहून सोडलं? मी म्हटलं का?" शेवटच्या वर्षात आमचं बोलणं बहुतेक एवढंच होतं. मला ते कमी वाटलं नाही.

तेराव्यानंतर मुलगा म्हणाला, "आई, कबाड़ीवाले को दे देते हैं, पोर्च खाली हो जाएगा."

मी म्हटलं, "पेडल नरम पडलं की घेऊन जाय."

पेडल नरम पडलं म्हणजे नळी गळते, यांची निवड चुकली. मग ते भंगारच. मुलगा हो म्हणाला. त्याला वाटलं, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे.

रोज चहा झाला की मी चढते. दाबते, धरून बसते. सोड म्हणायला खाली कोणी नाही, म्हणून पाय भरून येईपर्यंत तशीच बसते... मग आपणच सोडते.

आजही कडक होतं.