दारातल्या चपला आणि 'आय कम'

किस्से कुणी गोळा करायला जात नाही. आमच्या दारात संध्याकाळी चपला साठतात, तसे ते आपोआप साठतात. वरच्या खोलीत माझी सून मेघा इंग्रजीचा क्लास घेते आणि मी खाली जिन्याजवळ खुर्ची टाकून चपला राखतो. मी शाळेचं तोंड बघितलं नाही. अक्षरं म्हातारपणी नातीनं शिकवली. पण जिन्यावरून खाली आलेलं सगळं कानात पडतं.

बोर्डावर 'अप्पर इंटरमिजिएट' असं लिहिलंय. मी सुनेला विचारलं, "म्हणजे गं काय?"

"मामा, म्हणजे ज्यांना इंग्रजी येतं, पण बोलायला लागलं की येत नाही, असे लोक!"

त्यातला पहिला नंबर कोडोलीच्या तानाजीचा. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. मशीनच्या आवाजात बोलायची सवय, त्यामुळं 'गुड इव्हिनिंग' म्हणाला तरी शेजारचे दार उघडून बघतात. त्यांच्या कंपनीचा परदेशातही कारखाना आहे. तिकडं माणूस पाठवायचा तर तिकडचा साहेब कॉम्प्युटरवर इंग्रजीत इंटरव्ह्यू घेतो. गेल्या वर्षी साहेबानं तानाजीला विचारलं, "आम्ही तुम्हालाच का घ्यावं?"

हा म्हणाला, "यस सर!"

दुसऱ्यांदा विचारलं. "यस सर!"

झालं, तिकडं जायचं राहिलं. यंदा परत संधी होती. "आबा, ह्या टायमाला न्हाय जमलं तर पुढं तरण्या पोरांस्नीच घेणार. मग माझं तिकडं जाणं संपलं बघा," असं मला म्हणाला, तेवढंच काय ते हळू आवाजात.

---

एकदा मेघा 'हॅड गॉन' शिकवत होती. 'वेन्ट' आणि 'हॅड गॉन'मधला फरक कुणाच्या डोक्यात शिरेना. कंटाळून तिनं विचारलं, "तानाजीभाऊ, काल का आला नाहीत?"

"आलतो की मॅडम! मी आलो तवर तुम्हीच गेलतासा!"

मेघा टाळी वाजवून ओरडली, "हेच! हेच ते! आधी गेलतासा, मग हे आले. हाच पास्ट परफेक्ट!"

तानाजी सगळ्या वर्गाकडं बघून म्हणाला, "म्हणजे कोल्हापूरकर जन्मापासनं परफेक्टच बोलतोय की!"

---

शबाना सिस्टर दवाखान्यातली ड्युटी संपवून येते. वाक्याच्या शेवटी 'हॅवंट यू' लावायचं शिकवलं, तेव्हा तिनं दुसऱ्या दिवशी पेशंटवरच सराव सुरू केला. मलकापूरच्या एका आजीला विचारलं, "आजी, यू हॅव ईटन, हॅवंट यू?"

आजीचा मुलगा उठून जवळ आला. "सिस्टर, ते हॅवंट्यू जेवणाआधी द्यायचं का नंतर?"

---

मेघाचं म्हणणं, इंग्रजीत नरमाईनं बोलावं लागतं. 'मीठ दे' म्हणायचं नाही. 'मीठ देण्यास तुमची हरकत नाही ना' असं विचारायचं. तानाजीनं ते मनावर घेतलं. रात्री जेवताना बायकोला म्हणाला, "जरा मीठ वाढलंस तर तुझी काय हरकत न्हाय न्हवं?"

बायकोनं पळी खाली ठेवली. "आधी काय करून आलाय ते सांगा!"

---

सगळ्यात अवघड निघालं ते 'इफ'. झालं असतं, गेलं असतं, असलं बोलायचं. मेघा सांगायची, "इफला एक हॅड, वुडला एक हॅव." तानाजीचं दरवेळी एक चाक निसटायचं. हॅड धरला की हॅव सुटायचा, हॅव धरला की वुड.

चहा घेऊन मी वर गेलो, तर मेघा म्हणाली, "मामा, तुम्ही मराठीत सांगा. शाळेत गेला असता तर?"

मी जरा विचार केला. "शाळेत गेलो असतो, तर सायेब झालो असतो. मग तुझ्या चपला कुणी राखल्या असत्या?"

वर्ग हसला. मेघा मात्र फळ्याकडं तोंड करून उगीच पुसलेलंच परत पुसत राहिली.

---

इंटरव्ह्यू आमच्याच घरी झाला. तानाजीच्या गावात नेटचा भरवसा नव्हता. तो कॉम्प्युटरसमोर बसला, मेघा आणि शबाना सिस्टर दारामागं, आणि मी जिन्यावर. अडखळला, घाम पुसला, पण 'यस सर'वर अडला नाही. शेवटी साहेब म्हणाला, "थँक यू. आम्ही नंतर कळवू."

आता तानाजीची एक सवय सांगायला पाहिजे. निघताना आपल्यात 'जातो' कुणी म्हणत नाही, 'येतो' म्हणतात. हा तर रोज चपला घालता घालता "येतो, आबा!" असं ओरडतो की कोपऱ्यावरचं कुत्रं उठून बसतं.

तसाच तो उठला, साहेबाला हात जोडले आणि म्हणाला, "ओके सर, आय कम!"

मेघानं कपाळाला हात लावला.

साहेब गोंधळला. "कम? व्हेन?"

तानाजी परत खाली बसला. एक मोठा श्वास घेतला.

"सर, इफ यू हॅड टेकन मी लास्ट इयर, आय वुड हॅव कम!"

एकही चाक निसटलं नाही. मेघाचा हात कपाळावरून तोंडावर आला.

साहेब खो खो हसला आणि म्हणाला, "देन कम!"