ड्रिलच्या बाईंचा रूळ

आमच्या शाळेतल्या ड्रिलच्या बाईंइतकी उपद्रवी बाई अकोल्यातच काय, अख्ख्या वऱ्हाडात दुसरी झाली नसेल. आणि ती नेमकी माझ्याच वाट्याला यावी! साठ सालानंतरचे ते दिवस. मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवायची, त्या कवायत. एकट्या बाईला कुणी खोली देईना, म्हणून दोघींनी मिळून एक घेतली आणि माझे हाल सुरू झाले. बाई दर्यापूरकडच्या. पहाटे उठून माझ्या उशाशी जोर काढायच्या. दूधवाल्यापासून हेडबाईंपर्यंत सगळ्यांशी भांडायच्या आणि भांडण आटोपलं की मलाच म्हणायच्या, "तुमी काहून इतक्या चिडता वो बाई? रक्त आटते अशानं."

एकदा हौसेनं मी त्यांना सिनेमाला नेलं. सिनेमाआधी बातम्यांची फिल्म लागली. कुठल्याशा परदेशात माणसं पायाला फळ्या बांधून बर्फावरून घसरत होती. त्यातला एक पठ्ठ्या तर फळीसकट उडी मारून लाकडी कठड्यावर चढला, त्यावरून आडवा घसरत गेला आणि गिरकी घेऊन पलीकडे उतरला. बाई ताडकन उभ्या राहिल्या. मागचे लोक ओरडले तर त्यांच्यावरच डाफरल्या, "चूप बसा न जी, पाहून राहिली मी!" बातम्या संपल्या आणि बाई चालू लागल्या. सिनेमा मी एकटीनं पाहिला. घरी येऊन बघते तर आईनं दिलेला माझा सागवानी पाट उलटा पडलेला, त्याच्या खालच्या पट्ट्या उपटलेल्या आणि बाई त्यावर मेणबत्ती घासताहेत! पाय बांधायला म्हणून माझ्या खाटेची थोडी नवारही कापलेली. मी किंचाळलेच, "अहो, अकोल्यात बर्फ कुठून आणणार तुम्ही?" मान वर न करता म्हणाल्या, "बर्फ नसन तं सरकी हाये न बाई!"

जिनिंग फॅक्टरीतून त्यांनी ट्रॉलीचा एक मोडका रूळ मागून आणला. शाळेमागच्या मैदानात तो उतरता बसवला, त्याला एरंडेल चोपडलं आणि खालच्या टोकाशी सरकीची रास घातली. मग बाई पडायला लागल्या. डावीकडे पडल्या, उजवीकडे पडल्या, बसल्या बसल्याही पडल्या. संध्याकाळी त्यांच्या पाठीला आंबेहळद मी लावायची, आणि वर ऐकून घ्यायचं की माझा हात जड आहे! पण एक दिवस बाई रुळावरून सरळ घसरत गेल्या. पुढं अकरावीच्या मुली जमू लागल्या. "रुळाकडं काय पायता वं?" बाई गरजायच्या. "तो का पळून चालला? जिथं उतराचं हाये तिकडं नजर ठेव! गुडघे वाकव! खांदा फिरव, कंबर आपोआप येते मांगून." आणि खरंच, ज्या मुली वर्गात धडा वाचताना थरथरायच्या, त्या भर रुळावर अर्धी गिरकी घ्यायला लागल्या.

स्नेहसंमेलनात हे दाखवायचं ठरलं आणि संस्थेच्या सेक्रेटरींचं पित्त खवळलं. "मुलींनी असं पाय फाकवून सर्वांदेखत उभं राहायचं? लेझीम ठेवा. रूळ दिसला तर नोकरी गेली समजा." लेझमीत काय मुली पाय बांधून नाचतात? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाई मात्र पहिल्यांदाच हळू बोलल्या, "आमच्या मायबहिनी कासोटा घालून दिवसभर वावरात निंदन करतेत, तवा कोणी डोये झाकत नाई साहेब. पोरी खुशीनं उभ्या राहिल्या तं शोभा गेली?"

संमेलनात लेझीमच झाली. पाहुणे चहाला बसले तेव्हा बाईंनी मुलींच्या आयांना हाक दिली, "चला वं मायहो, मांगं चला." मागच्या मैदानात एक मुलगी पाटावर चढली, घसरली, गिरकी घेतली आणि सरकीत नीट दोन पायांवर उतरली. मग तिच्याच आईनं पदर खोचला. "मले येईन का वो बाई?" बाईंनी तिला पाटावर चढवलं, तिचे दोन्ही हात धरले आणि सोबत धावत सुटल्या. ती माउली ओरडत, हसत घसरत आली आणि धप्पकन सरकीत बसली. तिला उठताच येईना, इतकी ती हसत होती. तिची मुलगी आ वासून बघत राहिली. आई अशी हसते हे तिला ठाऊकच नव्हतं. तो हशा ऐकून सेक्रेटरी हातातल्या कपबशीसकट तिथं आले.

त्याच आठवड्यात बाईंची नोकरी गेली. शाळेत मी तोंड सोडून भांडले, हेडबाईंना नको नको ते बोलले, पण उपयोग शून्य. मोटारस्टँडवर मी रडवेली होऊन विचारलं, "एवढं करून मिळालं काय तुम्हाला?" बाई माझ्यावरच उखडल्या, "ते बाई हासली न! पायलं नाई का तुमी?" आणि कंडक्टरशी भांडत गाडीत चढल्या.

त्या दिवशी मी खोलीवर आले. कुणी जोर काढत नव्हतं, कुणी माझ्या वस्तूंना हात लावत नव्हतं, सगळं जागच्या जागी होतं. आता चिडावं तरी कुणावर, ते कळेना, आणि मी खाटेवर बसून हमसून हमसून रडले.