डोहात आधी कोण उतरणार

मोठ्या धबधब्याला पाणी असतं तेव्हा तिथं जायला रस्ता नसतो, आणि रस्ता होतो तेव्हा पाणी आटायला लागलेलं असतं. एवढी साधी गोष्ट आमच्या पार्कात येणाऱ्या लोकांच्या डोक्यात शिरत नाही. डिसेंबर ते मार्च दीडशे मीटरच्या कड्यावरून नदी कोसळते. त्या दिवसांत खालची साठ किलोमीटरची वाट पाण्याखाली असते. जाहिरातींतले फोटो तेव्हाचे, हेलिकॉप्टरमधून काढलेले. ते पाहून सिडनी-मेलबर्नची माणसं जूनमध्ये येतात. खोल पाण्यात इंजिन बुडू नये म्हणून गाडीच्या बॉनेटपासून टपापर्यंत हवेचं नळकांडं, पुढं रुतलेली गाडी ओढायची विंच, वर सहा दिवे, आणि चाकांत मात्र शहरातल्या रस्त्यांपुरती टणक हवा. वाळूत चाक रुतू नये म्हणून शिरण्याआधी ती निम्मी करायची असते. पण मग परतताना पुन्हा भरायला वीस मिनिटं लागतात, आणि यांच्याकडं वेळ नसतो. कच्च्या रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या वळ्या पडतात त्या यांच्याच टणक चाकांनी, आणि तक्रारवहीत रस्त्याला सगळ्यांत जास्त शिव्याही यांच्याच.

या लोकांना धबधबा दाखवायचा की नाही, हे एकोणीस वर्षं डल्सी यारवुड ठरवत आली.

डल्सी अठ्ठावन्न वर्षांची. पार्कात रेंजर. कड्याखालची जमीन तिच्या आईच्या माणसांची, इथल्या मूळ रहिवाशांची. तिथून जवळच्या वस्तीत ती दोन बहिणी आणि मोजदाद नसलेल्या कुत्र्यांसोबत राहते. ठेंगणी, गुडघे गेलेले, खाकी शर्टाचं एक बटण कायम तुटलेलं. सगळे तिला मावशी म्हणतात. ज्यांनी म्हणू नये असं तिला वाटतं, तेही म्हणतात.

तिचं काम सांगायला सोपं आहे. पावसाळ्यात नदी फुगली की खाऱ्या पाण्यातल्या मोठ्या मगरी वर चढतात, थेट धबधब्याखालच्या डोहापर्यंत. पाणी उतरतं तेव्हा एखादी मागं राहते. ती आहे की नाही ते पाहायचं. त्यासाठी डोहात दोरीला बांधून लाल फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारे गोळे, सोडतात. नवी वस्तू दिसली की मगर तिला चावून बघते. शिवाय काठाला एक पिंजरा, आत डुकराची तंगडी. तीन आठवडे फ्लोटला दात लागले नाहीत आणि पिंजरा रिकामा राहिला, की डल्सी कागदावर सही करते आणि फाटक उघडतं.

सही झाली की ती बूट काढून कपड्यांनिशी डोहात उतरते, पलीकडच्या खडकापर्यंत पोहत जाते आणि परत येते. हे कुठल्या नियमात नाही. कुणी विचारलं तर म्हणते, "पाणी ठीक आहे म्हणणार मी, आणि उतरणार दुसऱ्याचं लेकरू? असं असतं होय?"

गेल्या वर्षी तिची गाठ ट्रेंट मॅकॉलीशी पडली. ट्रेंट पाच वर्षांपूर्वी दक्षिणेकडच्या गोल्ड कोस्ट शहरातून आला. चार मोठे ट्रक, मगरीच्या कातड्याची पट्टी लावलेली हॅट, आणि पाहुण्यांसमोर "आम्ही उत्तरेकडची माणसं" अशी सुरुवात. वाट उघडल्याच्या पहिल्या आठवड्यात, धबधबा अजून गर्जत असताना, माणसाला चारशे ऐंशी डॉलरची सफर तो विकतो. त्यात डोहात पोहणं आलं. तारीख तो जानेवारीतच छापतो. गेल्या वर्षी त्यानं जूनमधला दुसरा शुक्रवार छापला होता.

त्या आठवड्यातल्या मंगळवारी एक फ्लोट अर्धाच सापडला.

फाटकाशेजारच्या वर्कशॉपमध्ये डल्सीनं तो टेबलावर ठेवला. ट्रेंटनं उलटापालटा करून पाहिला.

"मावशी, हे दगडाला घासलंय."

"दगडाला दात कधी फुटले?"

"मग ती लांब तोंडाची असेल, गोड्या पाण्यातली. ती काय करते? मासे खाते बिचारी."

"त्या दोन भोकांच्या मधे तुझी मूठ ठेव."

त्यानं ठेवली. मूठ मावली आणि वर जागा उरली.

"शुक्रवारी माझी चौतीस माणसं येतायत, मावशी."

"येऊ देत. मासा खायला घाल. पाणथळीवरचे पक्षी दाखव."

"त्यांना धबधबा कबूल केलाय मी."

"मग धबधब्याला विचारून केलास का?"

ट्रेंटनं वाद घातला नाही. त्यानं डार्विन शहरातल्या पार्कच्या मुख्य ऑफिसला फोन केला. तिथल्या पेनरोज बाईंना हा भाग नकाशावर चांगला माहीत आहे. त्यांनी बुधवारी उष्णता टिपणारा कॅमेरा लावलेला ड्रोन पाठवला. तो डोहावर दोन तास घिरट्या घालत राहिला. काही दिसलं नाही.

"मगरीचं अंग पाण्याइतकंच गार," डल्सी फोनवर म्हणाली. "त्या कॅमेऱ्याला काय दिसणार, तिच्या मनातलं?"

पेनरोज बाई म्हणाल्या, तीन आठवड्यांचा नियम हा नियम नसून मार्गदर्शन आहे. सही दुसऱ्या रेंजरचीही चालते. आणि दुसऱ्याची चालत असेल, तर पुढच्या वर्षी हे काम एखाद्या कंपनीकडं देता येईल. हे त्यांनी धमकी म्हणून सांगितलं नाही. धमकी द्यायला थोडं धैर्य लागतं. त्यांनी माहिती म्हणून सांगितलं.

म्हणजे शुक्रवारी डोह डल्सीच्या शब्दाशिवाय उघडला आणि सगळं सुरळीत पार पडलं, तर एकोणीस वर्षांच्या त्या शब्दाची किंमत संपणार होती, आणि डल्सीचं कामही.

सही नेव्हिलनं केली. तो कंत्राटी रेंजर, कंत्राट जूनअखेर संपणारं. गुरुवारी संध्याकाळी तो तिच्या दारात येऊन उभा राहिला.

"मावशी, माझा नाइलाज होता."

"माहितीय. म्हणून तर शिव्या देत नाहीये. जेवलास का? बदक शिजतंय."

तो जेवला नाही. तोंड दाखवायला आला होता, तेवढं दाखवून गेला.

शुक्रवारी ट्रेंटचे ट्रक निघाले. मागून ॲडलेडचा एक दंतवैद्य स्वतःच्या कोऱ्या गाडीत. सगळ्यांत शेवटी डल्सी, पार्कच्या जुन्या गाडीत, मांडीवर तो अर्धा फ्लोट. वाटेत ओढा लागतो. ट्रक पार झाले. दंतवैद्य खाली उतरला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्याकडं चालू लागला. दक्षिणेत गाडी घालण्याआधी पाणी चालून बघायला शिकवतात. डल्सीनं हॉर्न दाबून धरला.

"साहेब, खोली मोजायची तर त्या रंगवलेल्या खांबावर बघा. पायानं नको. पाय पुन्हा फुटत नाहीत."

दंतवैद्य गाडीत बसला. पुढं दहा किलोमीटर वाळूत तो तीनदा रुतला. चाकातली हवा कमी करा, हे त्याला तिन्ही वेळा सांगावं लागलं.

शेवटचा किलोमीटर खडकांवरून चालायचा असतो. डोहाशी पोहोचेपर्यंत माणसं घामानं निथळत होती. धबधबा जोरात होता. तुषार अंगावर येत होते. चौतीस जणांनी पाच मिनिटांत कपडे बदलले. ट्रेंट खडकावर चढला आणि म्हणाला, पार्कनं अत्याधुनिक यंत्रांनी तपासणी केली आहे, सही-शिक्क्यासह डोह खुला आहे, मजा करा.

डल्सी सावलीत बसून डब्यातलं मांस पावात भरत होती. फ्लोट शेजारी ठेवलेला. होबार्टहून आलेली एक निवृत्त शिक्षिका टॉवेल गुंडाळून तिच्यापाशी थांबली.

"हे काय आहे?"

"फ्लोट. अर्धा. मंगळवारी इथंच मिळाला."

"आणि उरलेला अर्धा?"

"तो जिच्या पोटात आहे ती काही बोलली नाही."

शिक्षिकेनं फ्लोट हातात घेतला, भोकांतून बोट फिरवलं. "पण ते म्हणतात डोह उघडा आहे."

"उघडाच आहे. सही झालीय."

"मग तुम्ही उतरणार?"

"सही माझी नाही. पाणी ठीक आहे असं मी म्हटलेलं नाही. आमच्यात जो म्हणतो तो आधी उतरतो. त्यांना विचारा."

शिक्षिकेचा आवाज वर्गात घुमायला सरावलेला होता. "मिस्टर मॅकॉली, आधी तुम्ही उतरणार ना?"

चौतीस माणसं ट्रेंटकडं वळली.

"अर्थात!" ट्रेंट म्हणाला. त्यानं हॅट काढली. शर्ट काढला, नीट घडी घातली. घडी विस्कटून पुन्हा घातली. घोट्यापर्यंत पाण्यात गेला, मग गुडघ्यापर्यंत. मागं वळून हसला. "पाणी भलतंच गार आहे, बरं का."

"जा की," दंतवैद्य म्हणाला. "आम्ही बघतोय."

"खांदा जरा दुखतोय माझा. सोमवारपासून."

"मग उताणे पोहा," शिक्षिका म्हणाली.

डल्सी पाव चावत होती. ती त्याच्याकडं बघतही नव्हती. ट्रेंट गुडघाभर पाण्यात अकरा मिनिटं उभा होता, दंतवैद्यानं वेळ लावली होती. मग वाऱ्यानं डोहातला एक लाल फ्लोट हलला आणि ट्रेंट शिरला होता त्याच्या चौपट वेगानं बाहेर आला. त्यानं जाहीर केलं की आज जेवण लवकर.

कोणी पाण्यात उतरलं नाही. हजारो मैलांवरून धबधबा बघायला आलेली चौतीस माणसं कोंबडी आणि सॅलड खात दीड तास बसली, आणि कड्याकडं एकानंही मान वर केली नाही. सगळे पाण्याकडं बघत होते.

शनिवारी सकाळी ट्रेंटनंच डार्विनला फोन करून डोह बंद करायला सांगितलं. रोज नवी चौतीस माणसं त्याला तोच प्रश्न विचारणार, हे त्याच्या लक्षात आलं होतं. दुपारी फाटकावर सूचना लागली: रस्ता खराब झाल्यामुळे मोठ्या धबधब्याची वाट पुढील सूचनेपर्यंत बंद. महिनाभर पावसाचा थेंब नव्हता आणि रस्ता बुधवारीच सपाट करून झाला होता. सोमवारी पेनरोज बाईंनी बंदीच्या कागदावर डल्सीची सही मागितली.

"रस्त्याचं काम माझ्याकडं नाही," डल्सी म्हणाली. "मगर लिहा, सही करते."

मगर असं लिहिता येणार नव्हतं. शुक्रवारी मगर नव्हती असं ऑफिसनंच लिहून दिलं होतं. कागद तसाच राहिला. पुढच्या वर्षी काम कंपनीकडं देण्याचा विषय मात्र कोणी पुन्हा काढला नाही.

बंदीच्या बाराव्या दिवशी मगर पिंजऱ्यात सापडली. लांबी तीन मीटर ऐंशी. पिंजऱ्यासकट हेलिकॉप्टरनं उचलून ओढ्याअलीकडं आणली, जबडा बांधला, ओलं पोतं टाकून पार्कच्या ट्रकवर घातली. ट्रक डल्सीनं चालवला. फाटकाशी आठ-दहा गाड्या सूचना वाचत उभ्या होत्या. त्यातल्या एकानं, हवेचं नळकांडं लावलेल्या गाडीतून मान बाहेर काढून, तिला हात केला.

"काय हो, रस्ता फारच खराब आहे का?"

डल्सीनं अंगठ्यानं मागं दाखवलं. पोत्याखालून हातभर शेपूट लोंबत होती.

"हिला तरी काही त्रास झाला नाही," ती म्हणाली आणि गियर टाकला.