पाळण्याची कानडी बाजू

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी विचारायला नको की बाई, तुम्ही शिकलेल्या, शाळेत पोरांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगता, आणि असं कसं करून बसलात?

आमचं माहेर अक्कलकोटच्या खालच्या अंगाला, सीमेला चिकटून. आई कानडी बोलायची, वडील मराठी, आणि भांडण दोन्हीत व्हायचं. आम्ही दोघी बहिणी. आक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी, तिला पलीकडं कर्नाटकात दिली. मला सोलापुरात दिली. अंतर म्हणाल तर बसनं अडीच तास. आक्का माझ्याशी कानडीत बोलायची, मी तिला मराठीत उत्तर द्यायची. यात काही वेगळं चाललंय असं आम्हाला कधी वाटलंच नाही.

आमच्यात बारशाला पाळण्याच्या दोन बाजूंना दोन बायका उभ्या राहतात. एकीनं बाळ पाळण्याखालून द्यायचं, दुसरीनं वरून परत करायचं. देताना पहिली कानडीत गाऊन सवाल टाकते, दुसरी मराठीत गाऊन जवाब देते. सवाल ठरलेला नसतो. समोरचं लेकरू बघून तिथल्या तिथं जोडायचा आणि जमेल तेवढी खोडी काढायची. माझ्या लेकीच्या बारशाला आक्कानं विचारलं होतं, हे सुपाएवढे कान कुणाच्या घरचे गं? माझी सासू समोरच बसलेली, आणि तिचे कान काही लहान नव्हते. पण जवाब द्यायलाच लागतो, म्हणून मी चाल धरली आणि म्हणलं, मावशीची एवढी बडबड मावायची तर जागा नको व्हय? बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सासूसुद्धा हसली.

आई गेली, आणि कानडी बाजूला उभी राहणारी आमच्यात एकटी आक्काच उरली. बाकीच्या एक तर गेल्या, नाही तर त्यांना सवाल जोडायला जमत नव्हतं.

दोनेक वर्षांमागं आमच्या शाळेत काही माणसं आली. गाणी, खेळ, रीतीभाती यांची नोंद करून ठेवणारी. त्यातल्या मॅडम फार चांगलं बोलल्या. म्हणाल्या, जगात शेजारचे देश एकमेकांशी भांडतात, हा नाच आमचा, हा पदार्थ आमचा, तुम्ही चोरला. पण काही ठिकाणी दोघांनी मिळून एकच नोंद केली, हे आमच्या दोघांचं आहे असं लिहून दिलं, आणि निदान तेवढ्यापुरतं तरी भांडण थंडावलं. तुमच्याकडं सीमेवर अशा दोघांच्या गोष्टी घरोघरी असतील, त्या लिहून द्या. मला तर भरूनच आलं. मी सगळ्यांच्या देखत उठून पाळण्याचं सांगितलं. मॅडमनी लगेच हातात फॉर्म ठेवला.

फॉर्ममध्ये 'परंपरेची भाषा' असं लिहून पुढं दोन ओळी सोडलेल्या होत्या. दोन! एकीवर कानडी, एकीवर मराठी लिहायचं, एवढंच काम होतं. पण त्याच आठवड्यात सीमेचं पुन्हा पेटलेलं. कुठल्याशा बसच्या पाटीला काळं फासलं होतं, टीव्हीवर दिवसभर तेच. स्टाफरूममध्ये एक सर चहा पिता पिता म्हणाले, "बाई, तुम्ही नक्की कुणाकडच्या?" हसतच म्हणाले. माणूस वाईट नाही. पण तो प्रश्न घरी जाईपर्यंत माझ्या डोक्यातनं गेला नाही. फॉर्मवर माझं नाव, शाळेचा पत्ता. उद्या कुणी वाचलं तर? दारात येऊन उभं राहिलं तर?

मी भाषेपुढं 'मराठी' लिहिलं. दुसरी ओळ रिकामी ठेवली. आणि आक्काच्या सवालांचं काय करायचं? तर मीच बसून चार सवाल मराठीत रचले, त्यांना चार जवाब लावले. सांग सांग बाळा, डोळे हे कुणाचे? आईचे गं डोळे, गाल हे बाबांचे. असलं सगळं. ना खोडी, ना चेष्टा. पहिलीच्या पुस्तकात शोभेल असं. लिहून झाल्यावर हायसं वाटलं, हे कबूल करते.

पुढं ते माझ्या फोटोसकट पेपरात छापून आलं. आक्काच्या नातवानं तिला वाचून दाखवलं. तिचा फोन आला. कानडीतच म्हणाली, "छान छापलंय. पण मी कुठं हाय गं त्यात?"

"जागा कमी होती, आक्का," मी म्हणाले.

ती हसली. "आसू दे, आसू दे." सख्ख्या बहिणीशी खोटं बोलायला मला एवढा कमी वेळ लागतो हे मला तेव्हा कळलं.

मागच्या थंडीत माझ्या लेकीला मुलगी झाली. बारसं सोलापुरातच करायचं ठरलं, दुपारी चार वाजता. मी आक्काला निक्षून सांगितलं, तू आल्याशिवाय पाळणा हलणार नाही. म्हणलं, कागदावर काय असेल ते असो, घरात तरी खरं होऊ दे.

बारशाच्या दिवशी आक्का सकाळी सातच्या बसनं निघाली. नऊ वाजता जावयांच्या मोबाईलवर आलं की सीमेवर गाड्या अडवल्यात, काचा फोडल्यात. मी आक्काला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. भावजींना लावला, ते म्हणाले, "ती गेली की सकाळीच. का हो?" त्यांना काय सांगू? काही नाही म्हणलं आणि ठेवला.

मग माझी जी गाळण उडाली! हातात रव्याची परात होती, ती ओट्यावर ठेवली आणि तिथंच खाली बसले. बसमध्ये बसलेली आक्का मला दिसत होती. अंगावर इरकल, कपाळाला विभूती. साठी उलटलेली बाई, गुडघे दुखतात. तिला कुणी मारेल असं नव्हतं वाटत मला. एवढी भीती होती की कुणाचा धक्का लागला तर ती पटकन "यव्वा!" म्हणेल. आपल्याला लागलं तर आपण 'आई गं' म्हणतो ना, तसं. तेवढ्या एका शब्दावरनं तिला कुणी काय केलं असतं?

जावई म्हणाले, गाडी काढतो, बघून येतो. मी त्यांचा हात धरला. त्यांनाही पाठवायची हिंमत होईना. पोलीस चौकीत फोन केला तर 'माहिती घेऊन सांगतो' म्हणाले. अकरा वाजले, बारा वाजले. विहीणबाई आल्या. "कुणाची वाट बघताय?" म्हणाल्या. "माझी बहीण येतीय," म्हणलं. कुठून येतीय ते मी त्यांना सांगितलं नाही. बघा, त्या वेळेलासुद्धा! भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते माझ्याकडं बघूनच म्हणत असतील.

साडेतीनला दारात टमटम थांबली. आक्का उतरली. एका चपलेचा अंगठा तुटलेला, पाय पोटरीपर्यंत धुळीनं माखलेले. मी धावत जाऊन मिठी मारली. हमसून हमसून रडले. ती म्हणाली, "पाणी दे गं आधी."

पाणी पिऊन ती स्वयंपाकघरात पाटावर टेकली आणि खालच्या आवाजात सांगायला लागली. बस सीमेच्या अलीकडंच थांबवली, सगळ्यांना उतरवलं. तीन-चार मैल चालली. मग एक जीप मिळाली. ती जीपही पुढं पोरांनी अडवली, हातात काठ्या. एकेकाला विचारत होते, कुठलं गाव, कशाला आलाय.

"मला म्हणलं, आज्जी, मराठीत चार शब्द बोल की," आक्का म्हणाली. "लई भ्यालो बघ. मराठी येतंय की मला, पण तोंडातनं शब्दच फुटंना. आन मग तुझं ते पेपरातलं आठवलं. नातवानं धा येळा वाचून दावलेलं. तेच म्हणलं. सांग सांग बाळा. चालीवर म्हणलं बघ, हात जोडून."

"मग?"

"हसली पोरं. जावा आज्जी, म्हणाली."

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. आल्यापासून ती माझ्याशी मराठीत बोलत होती. आमच्या दोघींच्या आयुष्यात पहिल्यांदा.

चार वाजता पाळण्यापाशी उभ्या राहिलो. ती त्या बाजूला, मी या बाजूला. बायका गोळा झाल्या, लेकीनं मोबाईल धरला. आक्कानं नात हातात घेतली, तिच्याकडं बघितलं. मला वाटलं, आता काढतीय खोडी. ओठ हललेसुद्धा. मग तिची नजर उघड्या खिडकीकडं गेली, आणि तिनं सुरू केलं, "सांग सांग बाळा, डोळे हे कुणाचे..."

"आक्का, तुझं म्हण की गं," मी हळूच म्हणाले.

तिनं मान हलवली. "हेच बरं हाय. ह्यानंच मला हितवर आणलं."

मी कागदावरचाच जवाब दिला. आईचे गं डोळे. बाळ खालून आलं, वरून गेलं. दुसऱ्या फेरीला मला राहवलं नाही. बाजू तिची होती, पण मीच चाल धरली आणि लेकराचं बसकं नाक बघून कानडीत विचारलं, "ई मूगु यारदव्वा?" हे नाक कुणाचं गं बाई?

आक्कानं पाळण्यावरून हात पुढं करून माझ्या तोंडावर ठेवला. तिची नजर पुन्हा खिडकीकडं गेली होती. बायकांना वाटलं चेष्टाच चाललीय, त्या हसल्या. लेक म्हणाली, "मावशी, किती गोड म्हणालीस मराठीत!" तिनं तो व्हिडिओ त्या नोंदवाल्या मॅडमनासुद्धा पाठवला. त्यांना फार आवडला.

त्याला आता आठ महिने होतील. आक्का सुखरूप घरी पोचली, गुडघे तेवढे दुखतात. आठवड्याला फोन करते. काय गं, बरी हाईस न्हवं, पोरगी रांगायला लागली का, सगळं मराठीत. परवा शाळेतनं येताना मी मुद्दाम कानडीत विचारलं, "आक्का, ऊटा आतेनु?" जेवलीस का, एवढंच.

तिचा आवाज एकदम बारीक झाला.

"तू कुटं हाईस आत्ता? बसमधी तर न्हाईस न्हवं?"